नांगीत धरलेला धातू

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव किंवा आंबेगाव तालुक्यातील मंचर येथील कृषी सेवा केंद्रांत ‘चिलेटेड’ असे छापलेली पाकिटे सर्रास दिसतात. द्राक्षाची कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की वेलीला लोह कमी पडते आहे हे बागायतदार ओळखतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण ते विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. अशा वेळी ईडीटीए या संयुगाने धरून ठेवलेले लोह पानांवर फवारतात. हेच ईडीटीए काही दवाखान्यांत सलाइनमधून हृदयरुग्णांना देतात आणि शस्त्रक्रियेशिवाय रोहिण्या साफ होतील असे सांगतात. एकच रेणू या दोन ठिकाणी कसा पोहोचला आणि दोन्ही ठिकाणचा दावा सारखाच पक्का आहे का, हे पाहू.

धातूच्या अणूभोवती इतर रेणू ठरावीक रचनेत बसतात, ही कल्पना आल्फ्रेड वेर्नर यांनी 1893 मध्ये मांडली. एकच रेणू दोन किंवा अधिक ठिकाणी धातूला पकडतो, तेव्हा ती पकड विशेष मजबूत असते. मॉर्गन आणि ड्र्यू या रसायनशास्त्रज्ञांनी 1920 मध्ये अशा संयुगांना ‘चिलेट’ हे नाव दिले. खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. 1935 मध्ये जर्मनीत फर्डिनांड म्युन्झ यांनी ईडीटीए तयार केले. हा रेणू दोन नायट्रोजन व चार ऑक्सिजन अणूंनी, म्हणजे सहा बाजूंनी, धातूला धरतो.

1950 नंतर या नांगीचे उपयोग झपाट्याने वाढले. फ्लोरिडातील लिंबूवर्गीय बागांत स्टुअर्ट आणि लिओनार्ड यांनी ईडीटीएयुक्त लोह वापरून पिवळी पाने हिरवी केली. त्याच सुमारास शिशाची विषबाधा झालेल्या कामगारांना ईडीटीए देऊ लागले. ते रक्तातले शिसे पकडते आणि लघवीवाटे बाहेर नेते. येथे शिसे हेच रोगाचे कारण होते, त्यामुळे ते काढल्यावर उतार पडला.

यानंतर डेट्रॉइटमधील डॉ. नॉर्मन क्लार्क यांनी हाच उपाय हृदयाकडे वळवला. रोहिणीतील कठीण थरात कॅल्शियम असते आणि ईडीटीए कॅल्शियमलाही पकडते. मग जुन्या नळातला क्षार निघतो तसा हा थर निघेल, असा हा तर्क. 1956 मध्ये त्यांनी छातीत कळा येणाऱ्या 20 रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी 19 जणांना बरे वाटले होते.

आकडा प्रभावी आहे, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. हृदयशूल कमीजास्त होत असतो आणि उपचार मिळतो आहे या भावनेनेही बरे वाटते. 1963 मध्ये फिलाडेल्फियातील किचेल, मेल्त्झर आणि सहकाऱ्यांनी, सुरुवातीला अनुकूल असूनही, अधिक काळच्या निरीक्षणानंतर हा उपचार उपयुक्त नाही असा निष्कर्ष काढला. तर्कातही त्रुटी होती. रोहिणीतला थर मुख्यतः कोलेस्टेरॉल, दाहाच्या पेशी आणि तंतूंचा बनतो; कॅल्शियम त्यात नंतर साचते. शिवाय रक्तातले कॅल्शियम घटले की शरीर हाडांतून ते भरून काढते. घट फार वेगाने झाली तर हृदय बंद पडू शकते. 2003 ते 2005 या काळात अमेरिकेत अशा तीन मृत्यूंची नोंद झाली. त्यांतली दोन मुले होती.

तरीही चिलेशनने हृदय वाचते अशी एक खरी जागा आहे, आणि त्या इतिहासात मुंबईचा वाटा आहे. थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. एका पिशवीत सुमारे 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असते. वर्षाला 20 पिशव्या धरल्या, तर 4 ते 5 ग्रॅम लोह शरीरात जाते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय आपल्या शरीरात नाही. ते हृदयाच्या स्नायूत साचते आणि या रुग्णांचा मृत्यू बहुधा हृदय निकामी होऊन होत असे. डेस्फेरिऑक्झामिन हे औषध पंपाने त्वचेखाली रात्रभर, आठवड्यातून पाच-सहा वेळा द्यावे लागे. बहुतेक कुटुंबांना ते परवडत नव्हते. तोंडाने घेण्याच्या डेफेरिप्रोनची चाचणी मुंबईत डॉ. एम. बी. अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी केली. तिचे निष्कर्ष 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. 1990 च्या दशकाच्या मध्यास या औषधाला जगात प्रथम भारतात परवानगी मिळाली. युरोपात ती 1999 मध्ये आणि अमेरिकेत 2011 मध्ये मिळाली. सांधेदुखी आणि पांढऱ्या पेशी घटणे हे त्याचे धोके आहेत, म्हणून रक्ततपासणी सतत करावी लागते.

ईडीटीएची मोठी परीक्षाही अखेर झाली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 1708 रुग्णांपैकी काहींना खरे औषध आणि काहींना नुसते सलाइन दिले. कोणाला काय दिले हे रुग्णांना व डॉक्टरांना ठाऊक नव्हते. 2013 चा निकाल असा होता: पुन्हा झटका, पक्षाघात, मृत्यू यांसारख्या घटना ईडीटीए गटात 26 टक्के, तर सलाइन गटात 30 टक्के रुग्णांत घडल्या. मधुमेहींत फरक अधिक दिसला. म्हणून झटका येऊन गेलेल्या सुमारे 1000 मधुमेहींवर पुन्हा चाचणी झाली. 2024 मधील निकालात हे प्रमाण 35.6 आणि 35.7 टक्के आले, म्हणजे फरक नाही. त्याच रुग्णांच्या रक्तातील शिसे मात्र 61 टक्क्यांनी घटले होते. नांगीने आपले काम चोख केले, पण रुग्णाला लाभ झाला नाही.

चाळीस सलाइनांवर पैसा खर्च करणारा रुग्ण त्या काळात रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल यांवरची सिद्ध झालेली औषधे टाळत असेल, तर नुकसान केवळ पैशाचे राहत नाही.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाण्याचा कठीणपणा ईडीटीएनेच मोजतात. मद्यासारखा लाल रंग जाऊन निळा येतो आणि कॅल्शियम पकडले गेल्याचे डोळ्यांना दिसते. त्या निळ्या रंगापाशी विद्यार्थ्यांना विचारावे: चंचुपात्रात हे घडले म्हणून रोहिणीतही घडेल, असे म्हणण्यासाठी आणखी कोणता पुरावा लागेल? त्यांची उत्तरे फळ्यावर लिहून मगच 1956 आणि 2024 चे आकडे सांगावेत.