मनी लाँडरिंगच्या शिक्षेविरुद्ध अपील

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली (पीएमएलए, २००२, अंमल १ जुलै २००५ पासून) विशेष न्यायालयाने ठोठावलेल्या कैदेला उच्च न्यायालयात दिलेले आव्हान. कलम ४ प्रमाणे शिक्षा तीन ते सात वर्षे सक्तमजुरी आणि दंड. मूळ गुन्हा, म्हणजे ज्यातून तो पैसा आला तो गुन्हा, अमली पदार्थांचा असल्यास कमाल दहा वर्षे.

कलम ४७ अपिलापुरते विशेष न्यायालयाला सत्र न्यायालय मानते. त्यामुळे मुंबईच्या विशेष न्यायालयाचा निकाल थेट मुंबई उच्च न्यायालयात जातो. मुदत ६० दिवसांची. निकालाची प्रमाणित प्रत मिळण्यात गेलेले दिवस त्यात धरत नाहीत. तुरुंगातला कैदी आपले अपील तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती देऊ शकतो. जप्त मालमत्तेचा वाद वेगळ्या वाटेने, अपील न्यायाधिकरणापुढे चालतो.

दाखल झालेले अपील वर्षानुवर्षे पडून राहू शकते, म्हणून शिक्षेला स्थगिती आणि जामीन हीच पहिली खरी झुंज. ठरावीक मुदतीच्या शिक्षेत स्थगितीकडे उदारपणे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने भगवान रामा शिंदे गोसाई प्रकरणात (१९९९) म्हटले. शिक्षा देणारे न्यायालय स्वतःही अपील दाखल होईपर्यंत जामीन देऊ शकते. पण कैद तीन वर्षांहून जास्त नसेल आणि आरोपी आधीच जामिनावर असेल तरच. पीएमएलएची किमान शिक्षाच तीन वर्षे असल्याने ही सोय नावापुरतीच उरते.

अपिलातला सर्वांत जड मुद्दा मूळ, म्हणजे अनुसूचित गुन्ह्याचा. विजय मदनलाल चौधरी निकालाने (२७ जुलै २०२२) सक्तवसुली संचालनालयाच्या बहुतेक अधिकारांवर शिक्कामोर्तब केले. पण त्याच निकालाने एक दार उघडे ठेवले: मूळ गुन्ह्यातून आरोपी अंतिमतः निर्दोष सुटला किंवा तो खटलाच रद्द झाला, तर त्या आरोपीवर मनी लाँडरिंगचा ठपका टिकत नाही. त्यामुळे चाणाक्ष वकील मूळ गुन्ह्यातले आणि मनी लाँडरिंगचे अशी दोन्ही अपिले एकमेकांवर नजर ठेवून चालवतो. मूळ खटल्यातला निकाल उलटला, तर दुसऱ्या अपिलात पुराव्याचा कीस काढायची फारशी गरज उरत नाही.

नुसती शिक्षा कमी करून मागण्यात फार हाती लागत नाही. दोषसिद्धी कायम ठेवून उच्च न्यायालयाला तीन वर्षांच्या खाली उतरता येत नाही. कच्च्या कैदेतले दिवस मात्र वजा होतात. दंडावर वाद घालायला अधिक वाव आहे. पूर्वी त्याला पाच लाखांची मर्यादा होती, ती २०१३ पासून गेली. झारखंडचे माजी मंत्री हरिनारायण राय यांना रांचीच्या न्यायालयाने २०१७ मध्ये सात वर्षे आणि पाच लाख दंड सुनावला होता. त्याच राज्याचे माजी मंत्री एनोस एक्का यांना २०२० मध्ये कैद तेवढीच झाली, दंड मात्र दोन कोटी.