जर्मन शहरांवरील बाँबवर्षाव आणि ब्रिटिश शासनाची दुहेरी भाषा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने जर्मनीच्या शहरांवर जो बाँबवर्षाव केला, त्याची नैतिक चिकित्सा सामान्यतः बळींच्या संख्येवरून केली जाते. संख्येचा प्रश्न गौण आहे असे नाही. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला त्याहून अधिक उद्बोधक असा एक पुरावा दफ्तरांत उपलब्ध आहे. शासनाने आपल्या सेनानींना कोणता आदेश दिला आणि पार्लमेंटला काय सांगितले, यांमधील अंतर हाच तो पुरावा होय.

युद्धापूर्वीची ब्रिटिश भूमिका निःसंदिग्ध होती. नागरिकांना हेतुपुरस्सर लक्ष्य करणे हे आंतरराष्ट्रीय विधीच्या विरुद्ध आहे, हल्ल्याचे लक्ष्य लष्करी स्वरूपाचे व ओळखता येण्याजोगे असले पाहिजे, आणि तो करताना आसपासच्या वस्तीची वाजवी काळजी घेतली पाहिजे, अशी तीन तत्त्वे पंतप्रधान चेंबरलेन यांनी २१ जून १९३८ रोजी कॉमन्स सभेत सांगितली. दहशतीसाठी नागरिकांवर बाँब टाकण्यास मनाई करणारे हेगचे नियम १९२३ मध्ये तयार झाले होते; पण त्यांना राष्ट्रांची मान्यता कधीच मिळाली नाही. या तत्त्वनिष्ठेला एक अपवादही होता, आणि भारतीय वाचकाला तो विसरता येणार नाही. १९३३ च्या निःशस्त्रीकरण परिषदेत हवाई बाँबवर्षावावर संपूर्ण बंदी सुचविताना ब्रिटनने दूरवरच्या प्रदेशांतील 'पोलिसी' कामासाठी मात्र सवलत मागून ठेवली. हे दूरचे प्रदेश म्हणजे मुख्यतः वायव्य सरहद्द, इराक व एडन. पुढे बाँबर दलाचे अधिपती झालेले आर्थर हॅरिस यांनी १९२० नंतरच्या वर्षांत सेवा केली होती ती भारतात आणि इराकमध्येच.

वॉर्सा, रॉटरडॅम आणि कॉव्हेन्ट्री यांच्या विध्वंसाने जर्मनीने आधीच मर्यादा ओलांडली होती, आणि १९४०–४१ च्या हल्ल्यांत ब्रिटनचे सुमारे ४३,००० नागरिक मारले गेले होते. तथापि ब्रिटिश धोरण केवळ सूडबुद्धीने बदलले असे मानणे कागदपत्रांशी जुळत नाही. बदलास कारण झाली ती एक तांत्रिक असमर्थता. दिवसा होणारी हानी असह्य झाल्याने बाँबर दल रात्री उड्डाण करू लागले होते. ऑगस्ट १९४१ मध्ये डी. एम. बट यांनी सहाशेहून अधिक छायाचित्रे तपासून असे दाखविले की, ज्या विमानांनी लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद होती, त्यांपैकी केवळ एक-तृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. धुराने झाकलेल्या रूरच्या प्रदेशात तर दहातून एकच. कारखान्यावर नेम साधता येत नाही, तेव्हा ज्यावर नेम चुकणार नाही तेच लक्ष्य ठरवावे, असा या निष्कर्षाचा अर्थ लावण्यात आला. आणि रात्रीच्या अंधारात नेम चुकणार नाही इतके मोठे लक्ष्य म्हणजे अखंड शहर.

१४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशपत्राने शत्रूच्या नागरी जनतेचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे, मनोधैर्य हे मुख्य लक्ष्य ठरविले. दुसऱ्याच दिवशी हवाईदलप्रमुख पोर्टल यांनी खुलासा लिहून कळविला की, नेम गोद्यांवर वा विमानांच्या कारखान्यांवर नव्हे, तर दाट वस्तीवर धरावयाचा आहे. ३० मार्चच्या टिपणात लॉर्ड चेरवेल यांनी ५८ मोठ्या शहरांतील बहुसंख्य रहिवाशांना बेघर करण्याचा हिशेब मांडला. सर हेन्री टिझर्ड आणि पॅट्रिक ब्लॅकेट (स्वातंत्र्यानंतर भारत सरकारला संरक्षणविषयक सल्ला देणारे भौतिकशास्त्रज्ञ ते हेच) यांनी हा अंदाज अनुक्रमे पाचपट व सहापट फुगलेला असल्याचे दाखविले. त्यांचा आक्षेप गणिताचा होता, नीतीचा नव्हता; आणि तोही मानला गेला नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर या धोरणाचे पूर्ण रूप प्रकट झाले. २७ जुलैच्या रात्री कोरड्या व उष्ण हवेत असंख्य आगी एकवटून अग्निझंझावात उठला. तळघरांत आश्रय घेतलेली माणसे प्राणवायूच्या अभावी व विषारी वायूने गुदमरून मेली. त्या आठवड्यातील हल्ल्यांत मेलेल्यांची संख्या ३५,००० हून अधिक होती.

पार्लमेंटात मात्र लष्करी लक्ष्यांचीच भाषा चालू राहिली. कॉमन्स सभेत रिचर्ड स्टोक्स यांनी वारंवार प्रश्न विचारले. उमरावसभेत चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी ९ फेब्रुवारी १९४४ रोजी या धोरणाच्या न्याय्यतेलाच आव्हान दिले. आश्चर्य असे की, ही लपवाछपवी ज्यांना सर्वाधिक खटकली त्यांत स्वतः हॅरिसही होते. शहरांचा नाश व कामगारांची हत्या हाच उद्देश आहे, तो आनुषंगिक परिणाम नव्हे, असे शासनाने उघडपणे सांगावे, अशी मागणी त्यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये केली. हवाई मंत्रालयाने ती मान्य केली नाही. उघड कबुली दिल्यास कँटरबरीचे आर्चबिशप आदी धर्मगुरू निषेध करतील व त्याने वैमानिकांचे मनोधैर्य ढळेल, अशी चिंता मंत्री सिंक्लेअर यांच्या टिपणात व्यक्त झाली आहे. जनमत कठोर झाले होते म्हणून नीतीचा प्रश्नच उरला नव्हता, या युक्तिवादाला यापेक्षा परखड उत्तर सापडणे कठीण. चेंबरलेन यांची तत्त्वे मृत झाली असती, तर ती लपविण्याचे प्रयोजनच नव्हते.

परिणामांविषयी मतभेद आहेत. जुलै १९४४ मध्ये जर्मन शस्त्रोत्पादनाचा निर्देशांक १९४२ च्या आरंभीच्या तिपटीहून अधिक झाला होता, हे बाँबवर्षावाच्या निष्फळतेचे प्रमाण म्हणून सांगितले जाते. ॲडम टूझ यांनी २००६ मध्ये या मताची फेरतपासणी करून, १९४३ च्या रूरवरील हल्ल्यांनी उत्पादनाची वाढ काही महिने रोखून धरली असे दाखविले. शिवाय लढाऊ विमाने व विमानवेधी तोफा जर्मनीला पूर्व आघाडीवरून मायदेशी आणाव्या लागल्या. परंतु मूळ अपेक्षा मनोधैर्य कोसळण्याची होती, आणि ती फसली. लोक खचले, थकले, पण कामावर जात राहिले. हुकूमशाहीत दुसरा मार्गही नव्हता. निर्णायक ठरला तो कृत्रिम तेलाच्या कारखान्यांवरील नेमका मारा : त्यांतील विमान-इंधनाचे उत्पादन एप्रिल १९४४ मध्ये १,७५,००० टन होते, ते सप्टेंबरात सुमारे ५,००० टनांवर आले. १९४४ च्या उत्तरार्धात नेम साधणे शक्य झाले असतानाही शहरांवरील हल्ले थांबले नाहीत. असमर्थतेच्या आधारावर केलेले समर्थन येथे टिकत नाही.

फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन जळाले. तेथील मृतांचा आकडा लाखाच्या वर नेणाऱ्यांचे दावे इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये अमान्य करून तो जास्तीत जास्त २५,००० ठरविला. २८ मार्च १९४५ रोजी चर्चिल यांनी, इतर निमित्तांच्या आडून केवळ दहशत वाढविण्यासाठी चाललेल्या बाँबवर्षावाचा फेरविचार व्हावा, असे टिपण लिहिले. पोर्टल यांनी हरकत घेताच ते मागे घेण्यात आले, आणि १ एप्रिलच्या सुधारित मसुद्यातून 'दहशत' हा शब्द व ड्रेस्डेनचा उल्लेख दोन्ही गळले. मूळ टिपण मात्र दफ्तरात राहिले.

बाँबर दलाचे ५५,५७३ वैमानिक व कर्मचारी या मोहिमेत मरण पावले. त्यांच्यासाठी स्वतंत्र मोहीमपदक काढण्यात आले नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले ते २०१२ मध्ये; बाँबवर्षावात मेलेल्या सर्व राष्ट्रांच्या लोकांचाही उल्लेख त्यावर कोरलेला आहे.