जिजाऊंचे दुःख

भगिनींनो, आपल्या मंडळात शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, अंगणवाडी चालविणाऱ्याही आहेत. घर आणि नोकरी ओढताना जीव शिणला की त्या म्हणतात, "जिजाऊंसारखे खंबीर राहिले पाहिजे, आमच्या मात्र लगेच डोळ्यांना पाणी." मी सातवी शिकलेली गृहिणी. तरी आपल्या सिंदखेडराजाच्या या लेकीविषयी जे वाचले, त्यावरून वाटते की जिजाऊ कधी खचल्याच नाहीत असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

त्यांचा जन्म १५९८ सालचा, लखुजी जाधवांच्या घरचा. पुढे खंडागळ्यांच्या बिथरलेल्या हत्तीवरून जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. त्यात भाऊ दत्ताजी गेला आणि सासरचा चुलत दीरही गेला. रडायचे तरी कोणत्या घरासाठी? असा प्रसंग कोणा सुनेवर न येवो! २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादला निजामशहाने वडील, दोन भाऊ व भाचा यांना भर दरबारात मारविले. जिजाबाई तेव्हा गरोदर होत्या. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर महाराज जन्मले. पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. त्याच सुमारास मुरार जगदेवाने पुणे जाळून तेथे गाढवाचा नांगर फिरविला. तीच ओसाड जहागीर पुढे बाईंनी लेकराला घेऊन वसविली. पळालेली रयत परत आणावयाची, पडीत जमिनी लागवडीला लावावयाच्या, लोकांचे तंटे ऐकावयाचे. थोरला मुलगा संभाजी कनकगिरीला मारला गेला, तेव्हाही हा व्याप अंगावर होताच.

मग जानेवारी १६६४ आला. कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून शहाजीराजे वारले. जिजाऊ सती जावयास निघाल्या. व्याख्यानांत हे ओझरते सांगून पुढे जातात. मला तर हीच जागा मोठी वाटते. सासष्ट वर्षांची, इतके सोसलेली बाई त्या दिवशी पुरती मोडली होती. महाराजांनी आणि जवळच्या माणसांनी विनवण्या करून त्यांना परत फिरविले. मोडलेल्या माणसाला एकटे न सोडणारी माणसे भोवती होती, आणि त्यांनी त्या माणसांचे ऐकले. ऐकणे सोपे नसते.

त्यानंतर दोनच वर्षांनी, मार्च १६६६ मध्ये, महाराज आग्र्याला निघाले ते राज्याचा कारभार आईच्या हाती देऊन. मुलगा औरंगजेबाच्या कैदेत, नऊ वर्षांचा नातूही तिकडेच, आणि इकडे रोजचे हिशेब, किल्ल्यांचा बंदोबस्त, माणसांची ये-जा. १७ ऑगस्टला महाराज निसटले, पण गडावर येऊन पोचेपर्यंत आईचा जीव टांगणीलाच असणार. तरी कारभार थांबला नाही.

उतारवयात रायगडाची थंड हवा त्यांना मानवेना. महाराजांनी पायथ्याशी पाचाडला वाडा बांधून दिला आणि जिजाऊ तेथे राहिल्या. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक डोळे भरून पाहिला, आणि १७ जूनला त्याच वाड्यात त्यांनी देह ठेवला.