टेक्सासमधील माजी सैनिकांच्या व्यवसायांना करसवलत

टेक्सासमधील माजी सैनिकांच्या व्यवसायांना करसवलत ही अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या कायद्यांनुसार सैन्यातून निवृत्त होऊन उद्योगधंदा सुरू करणाऱ्यांना मिळणारी सूट होय. तिचे राज्यस्तरीय व्यवसाय कर आणि स्थानिक मालमत्ता कर असे दोन भाग पडतात.

पार्श्वभूमी

टेक्सासमध्ये व्यक्तींवर राज्य आयकर नाही. १९८२ च्या घटनादुरुस्तीने राज्य सरकारला मालमत्ता कर आकारण्यास मनाई केली. त्यामुळे हा कर काउंटी, शहरे, शाळा जिल्हे आणि विशेष जिल्हे यांच्याकडेच राहिला. जमीन व इमारतींबरोबरच व्यवसायातील यंत्रे, फर्निचर आणि मालाचा साठा यांवरही तो आकारला जातो.

राज्यस्तरीय सूट

२०१५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्याने माजी सैनिकांच्या नव्या व्यवसायांना पहिली पाच वर्षे फ्रँचायझी करातून सूट दिली व नोंदणी शुल्कही माफ केले. व्यवसायाची संपूर्ण मालकी सन्मानपूर्वक सेवामुक्त झालेल्या सैनिकांकडे असणे ही मुख्य अट होती. ही तरतूद १ जानेवारी २०१६ पासून चार वर्षे लागू होती. पुढे १ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात स्थापन झालेल्या व्यवसायांसाठी ती पुन्हा लागू करण्यात आली.

स्थानिक मालमत्ता कर

वरील सूट स्थानिक मालमत्ता कराला लागू होत नाही. सेवेमुळे अपंगत्व आलेल्या सैनिकास मात्र स्वतःच्या कोणत्याही एका मालमत्तेच्या करपात्र मूल्यात वजावट मिळते. अपंगत्वाच्या टक्केवारीनुसार ती ५,००० ते १२,००० डॉलर असते. शंभर डॉलरमागे २ डॉलर करदर धरल्यास कमाल वजावटीने वर्षाला २४० डॉलर वाचतात. २००९ पासून पूर्ण अपंगत्व असलेल्यांना राहत्या घरावरील कर संपूर्ण माफ आहे. दुकान वा कारखान्याला ही माफी नाही.

शहरे आणि काउंटी नव्या गुंतवणुकीस करारान्वये दहा वर्षांपर्यंत करसूट देऊ शकतात. मात्र ही सोय केवळ सैनिकांसाठी नाही. २०२५ च्या घटनादुरुस्तीनुसार सर्वच व्यवसायांच्या जंगम मालमत्तेवरील सूट २,५०० वरून १,२५,००० डॉलर झाली.

मर्यादा व परिणाम

अपंगत्वाच्या वजावटीसाठी मालमत्ता सैनिकाच्या मालकीची असावी लागते. उलट फ्रँचायझी कर एकल मालकीच्या व्यवसायावर नसतो, तर कंपन्यांवर असतो. त्यामुळे व्यवसायाचे स्वरूप निवडताना या दोन्ही सवलतींचा स्वतंत्र विचार करावा लागतो. शिवाय ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील कंपन्यांना फ्रँचायझी कर मुळातच भरावा लागत नसल्याने अगदी लहान व्यवसायांना या सूटीचा लाभ मर्यादित राहतो.

सवलतींमुळे स्थानिक महसूल घटतो. फोर्ट हूड लष्करी तळालगतच्या किलीनसारख्या शहरांत माजी सैनिकांची वस्ती मोठी असल्याने हा भार अधिक जाणवतो. पूर्ण अपंगत्वाच्या घरमाफीमुळे होणारी तूट अंशतः भरून काढण्यासाठी २०१५ च्या कायद्याने तळालगतच्या पात्र शहरांना व काउंटींना राज्याकडून साहाय्य देण्याची तरतूद केली.