दृष्टिहीनांनी वाचावे, लिहावे कोणी?

टंकयंत्राच्या इतिहासातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ज्या अगदी सुरुवातीच्या यंत्राचा पुरावा हाती आहे, ते इटलीतल्या पेलेग्रिनो तुर्री याने १८०८च्या सुमारास केले, आणि केले ते एका दृष्टिहीन स्त्रीसाठी. कॅरोलिना फान्तोनी हे तिचे नाव. तिला आपली पत्रे आपल्या हाताने लिहिता यावीत, एवढाच हेतू. यंत्र कुठे गेले कोण जाणे. तिची काही पत्रे मात्र टिकली, म्हणून आपल्याला हे कळते. कचेऱ्यांतल्या कारकुनांच्या हाती टंकयंत्र आले ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

लुई ब्रेलचे नाव आपण वाचनाशी जोडतो. त्याची ठिपक्यांची लिपी १८२९ साली प्रसिद्ध झाली. पण १८३९ साली त्यानेच दुसरी एक पद्धत मांडली. तिच्यात ठिपक्यांनीच नेहमीची रोमन अक्षरे उमटवायची होती, म्हणजे दृष्टिहीनाचे पत्र त्याच्या डोळस आईला वाचता यावे. ते काम वेळखाऊ होते. दोन वर्षांत फूको या त्याच्या स्नेह्याने त्यासाठी यंत्र तयार केले. हा फूकोही दृष्टिहीन. दृष्टिहीनाला जगाचे वाचता येणे आणि जगाला दृष्टिहीनाचे वाचता येणे या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे त्या दोघांना पावणेदोनशे वर्षांपूर्वी नेमके कळले होते.

हे सगळे आठवण्याचे कारण आजचे आहे. गेले वर्षभर मी घरबसल्या संकेतस्थळ बांधू देणाऱ्या साधनांचा अभ्यास करतो आहे. पनवेलमध्ये खानावळवाला, शिकवणीवाला, घरगुती फराळ विकणारी बाई, अशा कितीतरी जणांना अशा साधनाचा उपयोग होऊ शकतो. प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. तयार नमुना निवडायचा, चित्र ओढून इथे ठेवायचे, मजकूर ओढून तिथे. या ‘ओढून ठेवा’मध्येच सगळी मेख आहे. ज्याला पडदा दिसत नाही, किंवा ज्याचा हात कापतो, त्याने काय ओढायचे आणि कुठे ठेवायचे?

वेबचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संघाने, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीने, अपंगांना संकेतस्थळे वापरता यावीत यासाठी मे १९९९मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती पुष्कळांना ठाऊक असतात. फेब्रुवारी २०००मध्ये याच संघाने दुसरी एक संहिता काढली, ती खास संकेतस्थळे घडवण्याच्या साधनांसाठी. २०१५ साली तिची सुधारित आवृत्ती आली. तिचे दोन भाग आहेत. साधन वापरणारा स्वतः अपंग असला तरी त्याला ते वापरता आले पाहिजे, हा पहिला. त्यातून निघणारे पान अपंग वाचकाला वापरता यावे यासाठी साधनाने मदत केली पाहिजे, हा दुसरा. उदाहरणार्थ, चित्र टाकले की त्याचे शब्दांत वर्णन मागायचे. माझ्या पाहण्यात दुसऱ्या भागाकडे लक्ष जाऊ लागले आहे. पहिला भाग उपेक्षितच राहिला.

वर्डप्रेसचे प्रकरण बोलके आहे. आज जगातल्या दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन त्यावर चालतात. २०१८ साली त्यांनी जुने साधे लेखनपान बदलून गुटेनबर्ग नावाचे ठोकळ्यांचे नवे पान आणले. ते बाहेर पडण्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, अपंगसुलभता गटाच्या प्रमुख रियान रीटफेल्ड यांनी राजीनामा दिला. डिसेंबरात नवे पान आले. मग एका स्वयंसेवी मंडळाने वर्गणी काढून त्याची तटस्थ तपासणी करवली. २०१९ साली अहवाल आला, आणि त्यात त्रुटींची मोठी जंत्री होती. तरी एक सांगितले पाहिजे: हे भांडण उघड्यावर झाले, अहवालही उघड्यावर आला आणि दुरुस्त्याही झाल्या. बंद दाराआड चालणाऱ्या साधनांत असे काही झाले तर आपल्याला कळणारही नाही.

मराठीची अडचण आणखी जुनी आहे. पूर्वी दिवाळी अंक ज्या फॉन्टांत जुळवले जात, त्यांत संगणकाच्या लेखी मराठी नसायचीच. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. डोळ्यांना ‘क’ दिसे, पण पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला तिथे भलतेच इंग्रजी चिन्ह सापडे. ‘आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना देणारी संकेतस्थळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे आठवेल. दृष्टिहीनासाठी ती सगळी पाने म्हणजे निरर्थक बडबड होती. युनिकोडने १९९१पासून देवनागरीला स्वतःची जागा दिली आणि हा प्रश्न मुळातून सुटला. त्यातली मला आवडलेली बारीक गोष्ट अशी: टंकयंत्रावर ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी, ‘क’ नंतर, कारण डोळ्यांना तसे दिसते. युनिकोडमध्ये ‘क’ आधी, वेलांटी नंतर. कारण कानांना तसे ऐकू येते. १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्येही क्रम हाच आहे. म्हणजे संगणकाच्या चाळीस वर्षे आधी आपल्या दृष्टिहीनांची लिपी बरोबर क्रमाने चालत होती!

कायदा मागे नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा एप्रिल २०१७मध्ये लागू झाला. नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुलभतेचे नियम केवळ शिफारशी असून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ला प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. दोन्ही निकाल मोठे आहेत. मात्र सगळ्या चर्चेचा भर सेवा घेणाऱ्यावर आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात एकोणतीस लाखांहून अधिक अपंग नोंदले गेले. त्यांतल्या कोणालाच काही विकायचे, शिकवायचे, मांडायचे नसेल का?

मी तपासणीसाठी तीन साधने घेतली. नावे देत नाही, कारण ती दर महिन्याला बदलतात. माझ्याबरोबर नवीन पनवेलचे एक तबलाशिक्षक होते. ते जन्मतः दृष्टिहीन आहेत. पडदा बंद, माऊस बाजूला, कानात एनव्हीडीए ही मोफत वाचकप्रणाली. काम एवढेच: शीर्षक, दोन परिच्छेद, एक छायाचित्र, दूरध्वनी क्रमांक, आणि प्रसिद्ध करा. पहिल्या साधनात नमुन्यांचे दालन लागले तेव्हा कानावर नुसते ‘बटण, बटण, बटण’ येत राहिले. आम्ही तिथून पुढे सरकलो नाही. दुसऱ्यात ठोकळा कळफलकाने हलवता येत होता, पण हलून कुठे गेला ते साधन सांगेना. सर म्हणाले, “हे म्हणजे ठेका धरायचा आणि सम कुठे ते कोणी सांगायचं नाही.” तिसरे साधन दिसायला सगळ्यांत जुनाट, सरकारी अर्जासारखे. तिथे त्यांनी एकट्याने पाऊण तासात पान पुरे केले.

फक्त एक गोष्ट राहिली. पानाची भाषा निवडायच्या यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. काहीच निवडले नाही तर पान इंग्रजी म्हणून नोंदले जाते, आणि इंग्रजी आवाज देवनागरीपुढे एक तर गप्प बसतो किंवा भलतेच उच्चारतो. शेवटी सरांनी हिंदी निवडली. आता त्यांच्याच वर्गाचे पान त्यांना हिंदी आवाजात ऐकावे लागते. मराठीतले ‘ळ’ तो आवाज कसेबसे म्हणतो. त्या साधनाच्या कंपनीला त्यांनी स्वतः पत्र लिहिले आहे.