घरी मराठी, कचेरीत उर्दू

वाचकहो, चौसाळ्यातल्या एखाद्या जुन्या घराचा दप्तराचा गठ्ठा सोडून पाहा. निजामी अमदानीतला जमिनीचा कागद पुष्कळदा उर्दूत निघेल. हैदराबाद संस्थानात बहुतेक रयत तेलुगू, मराठी नाहीतर कानडी बोलणारी. पण उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले ते उर्दू माध्यमाचे. हा कारभार मला तरी उफराटा वाटतो. १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये भाषावार तुटले. मराठवाडा मुंबई राज्याला मिळाला, बीदर म्हैसूरला गेले. भालकी-औरादची मराठी घरे पलीकडेच राहिली. आणि गंमत पाहा, २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा आपण कोण हे ठरवायला मराठी माणसाला उर्दू, मोडी वाचणाराच गाठावा लागला.