पंडिता रमाबाई आणि केडगावचा भरवसा

आम्ही मुंबईच्या उपनगरांतल्या, अंधेरी-बोरिवलीकडच्या आणि घाटकोपर-मुलुंडकडच्या ख्रिस्ती बायका. आमच्याकडे वांद्र्यात, अंधेरीत, मरोळमध्ये जुन्या गावठाणांतून चालताना रस्त्याच्या कडेला दगडी क्रूस दिसतात. त्यांतले पुष्कळसे प्लेगच्या काळात उभे राहिले. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला. औषध नव्हतं, डॉक्टरांनाही नीट उमगत नव्हतं, तेव्हा लोकांनी चौकात क्रूस उभारला आणि गाव देवाच्या स्वाधीन केलं. आजही मे महिन्यात अशा क्रूसांपुढे बायका जमतात, प्रार्थना म्हणतात, मग उकडलेले चणे वाटले जातात.

आता तुमच्या गटात आणि आमच्याही गटात एक शब्द रोज कानी पडतो, तो म्हणजे स्वावलंबन. आपल्या पायावर उभी राहा, आपला पैसा साठव, कुणापुढे हात पसरू नकोस. आणि रविवारी देवळात ऐकायला मिळतं की स्वतःवर विसंबू नकोस, सगळं देवावर टाक, नम्र हो. मग बाईने ऐकायचं कुणाचं? शिवाय 'नम्र हो' हे वाक्य बाईला जितक्यांदा ऐकवलं जातं तितक्यांदा पुरुषाला ऐकवलं जात नाही, हेही आपण जाणतो.

या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेली एक बाई आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेली. पंडिता रमाबाई. नाव तुम्ही ऐकलं असेल, पण शाळेच्या पुस्तकात त्यांच्याबद्दल चार ओळी असतात आणि त्यांत ही झुंज येत नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि मग आईने लेकीला शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणं सांगायचं. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचा पैसा दानधर्मात आणि व्रतांत संपला, घरातली भांडी विकली, मग झाडपाल्यावर दिवस काढले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. त्या दिवसांबद्दल रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि ते फार कठोर आहे. आपल्या माणसांना हाताने करायचं कुठलंच काम येत नव्हतं, मजुरी करायची लाज वाटत होती, जातीचा आणि विद्येचा अभिमान आड येत होता, असं त्यांनी सांगितलं. हजारो श्लोक पाठ, पण भाकरी मिळवायची कशी ते ठाऊक नाही. मैत्रिणींनो, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे केडगावला ती परत भेटणार आहे.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी पायी हिंदुस्थानभर फिरली. झेलम नदीच्या काठी थंडी सोसेना तेव्हा वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून झोपली. 1878 साली कलकत्त्याला पोचली, तिथे पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. त्यानंतरची चार वर्षं भराभर गेली. भाऊ वारला, बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न झालं, मनोरमा ही मुलगी झाली, आणि 1882 साली नवराही पटकीने गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर मूल. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल साक्ष दिली.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या आणि 29 सप्टेंबरला वाँटेज इथल्या जोगिणींच्या मठात राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथून खरी गंमत सुरू होते. मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांना आईसारख्या होत्या, पण त्यांचं एकच म्हणणं, आता नम्र हो, चर्चची शिकवण जशी आहे तशी मान. रमाबाई मानेनात. आधी मोठ्या कष्टाने एका पुरोहितशाहीचं जू मानेवरून उतरवलं आहे, आता दुसरं चढवून घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी कळवलं. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली, बाईने पुरुषांना शिकवणं बरं दिसणार नाही म्हणाले. रमाबाई भडकल्या. आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांत बोललो आहोत, हे त्यांनी ठणकावलं. सिस्टरांना हा अहंकार वाटला. आम्हाला तसं वाटत नाही. माणसापुढे मान तुकवणं आणि देवापुढे मान तुकवणं या दोन गोष्टी आहेत, आणि पहिली करवून घेण्यासाठी दुसरीचं नाव पुढे करणारे तेव्हाही होते.

पण एक गोष्ट आहे. पुढे रमाबाईंनीच लिहिलं की, त्या काळात मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म बुद्धीला पटला होता, इतकंच. शिकलेल्या माणसाला हे कबूल करणं अवघड.

1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं. बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघालं आणि तिथल्या लोकांनी दहा वर्षं पैसे देण्याचं वचन दिलं. त्या जोरावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. दुसऱ्या वर्षी सदन पुण्याला हललं. 1893 साली मोठं वादळ झालं. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात, त्यांना ख्रिस्ती करणार, असा गवगवा झाला. सल्लागार मंडळातून रानडे आणि भांडारकर बाहेर पडले, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच खोटी होती असं म्हणता येणार नाही, काही मुली पुढे खरोखर ख्रिस्ती झाल्या. पण ज्या परत नेल्या त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

आणि वचनाची दहा वर्षं 1898 साली संपणार होती. पुढे काय? आपल्या गटाला अनुदान बंद होणार असं पत्र आलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. रमाबाईंनी दोन गोष्टी केल्या. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावला शंभरेक एकर माळ घेतला, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, म्हणजे शेतीवर सदन चालेल. हे झालं स्वावलंबन. दुसरी गोष्ट, त्यांनी जॉर्ज म्यूलर यांचं चरित्र वाचलं होतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला या गृहस्थांनी माणसाजवळ एक पैसा न मागता, केवळ प्रार्थनेवर दोन हजारांवर अनाथ मुलं सांभाळली होती. हिंदुस्थानात असं का होऊ नये, हा विचार रमाबाईंना सोडत नव्हता.

तोच 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या वाचल्या आणि त्यांना आपले वीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. पैसे हातात नसताना त्या निघाल्या आणि जवळजवळ तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, सरकारने नव्या मुली शहरात आणायला मनाई केली. म्हणून त्यांना केडगावच्या माळावर तंबूत आणि झोपड्यांत ठेवलं. ज्या साथीने आमच्याकडे चौकाचौकात क्रूस उभे राहिले, तिनेच मुक्ती सदन वसवलं म्हणा ना. 1900 साली गुजरातच्या दुष्काळातल्या आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

हिशोब मांडून बघा. दोन हजार तोंडं, दोन वेळचं जेवण, ठरलेलं उत्पन्न नाही. रमाबाईंनी ठरवलं की कुणाला देणगी मागायची नाही, देवाजवळ मागायचं. खरं सांगायचं तर इंग्रजीत 'मुक्ती प्रेयर बेल' नावाचं पत्रक निघत असे आणि त्यातून परदेशी लोकांना इथली हकिकत कळत असे, तेव्हा माणसांना काहीच ठाऊक नव्हतं असं नाही. पण उद्याचे पैसे कुठून येणार हे माहीत नसताना आज आणखी एक मुलगी आत घेणं, हे त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

आणि आता ती पहिली गोष्ट. मुक्तीत कुणी नुसतं बसून प्रार्थना करत नव्हतं. हातमाग होते, शिवण होतं, तेलाचा घाणा होता, गोठा होता, शेती होती, छापखाना होता. बामणाची विधवा असो की आणखी कुणी, दळण-कांडण सगळ्यांना. आंधळ्या बायकांसाठी वेगळी सोय होती, मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल शिकवलं. ज्या अभिमानापायी आई-वडील उपाशी मेले, तो या बाईने आपल्या अंगणात उगवू दिला नाही. देवावर भार टाकणं म्हणजे हात बांधून बसणं, असा अर्थ त्यांनी कधीच लावला नाही. हात चालवायचे, पण हे माझ्या हातामुळे चाललं आहे असं म्हणायचं नाही. आमच्या मते दुसरा अर्धा भाग जास्त अवघड आहे, कारण गट नीट चालायला लागला की 'मी नसते तर' हे शब्द कधी तोंडातून निघतात ते कळतही नाही.

1905 साली मुक्तीत मोठं प्रार्थनेचं पर्व आलं. शेकडो मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत. काहींना ते देवाचं काम वाटलं, काहींनी वेडेपणा म्हणून नावं ठेवली. आम्ही त्या वादात शिरत नाही.

आम्हाला जास्त भिडतं ते त्यांचं शेवटचं काम. बायबलचं मराठी भाषांतर होतं, पण त्यातले संस्कृत शब्द खेड्यातल्या बाईला कळत नसत. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पुन्हा पहिल्यापासून भाषांतराला बसल्या. बघा, संस्कृतच्या जोरावर जिने कलकत्त्याचे पंडित थक्क केले, तीच बाई एकेक संस्कृत शब्द काढून टाकून त्या जागी चुलीपाशी बोलला जाणारा शब्द शोधत होती. ऐकू कमी येत होतं, प्रकृती ढासळली होती. काम पुढे मनोरमाबाई सांभाळतील असा भरवसा होता, तर 24 जुलै 1921 रोजी ती एकुलती एक लेकही गेली. रमाबाई पुन्हा कागदांपुढे बसल्या. भाषांतर पुरं केलं आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी ते बायबल केडगावातच छापून निघालं. त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी जुळवले होते. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळात आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.